पक्षनेतृत्वाचा वारसा आणि पर्यायी इतिहास : गुलमंडीतील शिवसेनेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर शहराच्या जुन्या भागात पैठण गेटकडून टिळक पथाने आत शिरले की गुलमंडीचा चौक लागतो. सुपारी हनुमानाचे मंदिर आणि दाटीवाटीची बाजारपेठ ही या चौकाची ओळख असली, तरी मराठवाड्याच्या राजकीय इतिहासात त्याचे स्थान वेगळ्या कारणाने आहे. ८ जून १९८५ रोजी शिवसेनेची मराठवाड्यातील पहिली शाखा येथे स्थापन झाली. या शाखेच्या सदतिसाव्या वर्धापनदिनी, म्हणजे ८ जून २०२२ रोजी, तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांची सभा शहरातील मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर झाली. त्यानंतर दोन आठवडे उलटण्याच्या आत पक्ष फुटला आणि औरंगाबाद जिल्ह्यातील शिवसेनेच्या सहा आमदारांपैकी पाच जण एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. (शहराचे अधिकृत नाव २०२३ मध्ये बदलले, प्रस्तुत लेखात त्या त्या काळी प्रचलित असलेले नाव वापरले आहे.)

या फुटीची कारणमीमांसा करताना एक प्रश्न वारंवार विचारला जातो. ३० जानेवारी २००३ रोजी महाबळेश्वर येथे कार्याध्यक्षपदासाठी उद्धव यांच्याऐवजी राज ठाकरे यांचे नाव पुढे आले असते तर? हा प्रश्न चौकातल्या चर्चेपुरता सोडून देण्याजोगा नाही. मात्र तो ज्या पद्धतीने विचारला जातो ती पद्धत इतिहासाच्या अभ्यासकाला समाधान देणारी नाही. महाबळेश्वरी कोणाची निवड झाली यापेक्षा ती कशी झाली, हा प्रश्न गुलमंडीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होता, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

'जर-तर'ची शिस्त

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, या म्हणीने मराठी समाजाने जर-तरच्या विचाराची वासलात फार पूर्वीच लावून टाकली आहे. ब्रिटिश इतिहासकार ई. एच. कार यांचे मतही याहून फारसे वेगळे नव्हते. घडू शकले असते पण घडले नाही अशा गोष्टींची चर्चा त्यांना दिवाणखान्यातील करमणुकीसारखी वाटे. असे असले तरी याच म्हणीच्या समाजात पानिपतावरील 'विजय झाला असता तर' हा विचार कधी थांबला नाही. डॉ. जयंत नारळीकर यांनी तर तो विज्ञानकथेच्या अंगाने मांडला. १९९७ मध्ये नियाल फर्ग्युसन यांनी संपादित केलेल्या पर्यायी इतिहासविषयक ग्रंथात या विचाराला एक नियम घालून देण्यात आला. समकालीनांनी ज्या पर्यायांचा खरोखर विचार केला होता आणि ज्याचा पुरावा उपलब्ध आहे, तेवढेच पर्याय अभ्यासकाने हाताळावेत, हा तो नियम होय. कार्यकारणभाव तपासण्याचे साधन म्हणून 'जर-तर'चा उपयोग होतो. एखादे कारण काढून घेतल्यावर परिणाम टिकतो की नाही, हे त्यातून पाहता येते.

खुद्द सर्वोच्च न्यायालयालाही ही भाषा टाळता आलेली नाही. शिवसेनेच्या सत्तासंघर्षावरील ११ मे २०२३ च्या निकालात, उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला नसता तर त्यांना मुख्यमंत्रिपदी पुनःस्थापित करण्याचा विचार करता आला असता, अशा आशयाचे मत न्यायालयाने नोंदविले. एका राज्याच्या सत्तेचा प्रश्न अशा रीतीने एका 'तर'वर येऊन थांबला.

लंडनमधील एक उदाहरण

पक्षनेतृत्वाच्या वारशाबाबत पर्यायी इतिहासाची चर्चा सर्वाधिक झाली ती ब्रिटनच्या काँझर्व्हेटिव्ह पक्षाच्या संदर्भात. ऑक्टोबर १९६३ मध्ये पक्षाचे अधिवेशन ब्लॅकपूल येथे सुरू असताना आजारी पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी पद सोडण्याचा मनोदय जाहीर केला. अनुभवाने ज्येष्ठ असलेले रॅब बटलर हे स्वाभाविक उत्तराधिकारी समजले जात. परंतु त्या काळी या पक्षात नेत्याची निवडणूक होत नसे. वरिष्ठांनी खासदार, मंत्री आणि उमराव यांचा कल खाजगीत अजमावायचा आणि त्यातून नेता 'पुढे यायचा', अशी रीत होती. या रीतीतून लॉर्ड होम पंतप्रधान झाले. इयान मॅक्लिओड आणि इनॉक पॉवेल यांनी त्यांच्या मंत्रिमंडळात सामील होण्यास नकार दिला. बटलर यांनी मात्र परराष्ट्र खाते स्वीकारले. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत मजूर पक्षाला ३१७ आणि काँझर्व्हेटिव्हांना ३०४ जागा मिळाल्या. फरक इतका थोडा असल्याने 'बटलर असते तर' हा प्रश्न तेथे आजवर चघळला जातो.

तथापि त्या पक्षाने या प्रश्नाला दिलेले उत्तर व्यक्तीच्या रूपात नव्हते. मॅक्लिओड यांनी जानेवारी १९६४ मध्ये एका साप्ताहिकात लेख लिहून निवडीचे सूत्र मूठभरांच्या हाती असल्याची जाहीर टीका केली आणि १९६५ मध्ये पक्षाने खासदारांच्या गुप्त मतदानाचा नियम स्वीकारला. त्याच वर्षी जुलैमध्ये एडवर्ड हीथ यांना १५०, रेजिनाल्ड मॉडलिंग यांना १३३ आणि पॉवेल यांना १५ मते पडली. दहा वर्षांनी मार्गारेट थॅचर यांनी मतदानाच्याच मार्गाने हीथ यांना हटविले. मतदानाने शहाणपणाची हमी मिळते असे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पक्षसदस्यांच्या मतांनी निवडून आलेल्या लिझ ट्रस यांची कारकीर्द दोन महिनेही टिकली नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. उद्धव ठाकरे यांनी २९ जून २०२२ रोजी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि त्यानंतर आठच दिवसांनी, ७ जुलै रोजी, बोरिस जॉन्सन यांनी पक्षनेतेपद सोडत असल्याचे जाहीर केले. त्या वर्षभरात लंडनमधील पक्षाने तीन नेते पाहिले. तरीही पक्षाचे नाव कोणाचे आणि कार्यालये कोणाची, असा वाद तेथे न्यायालयात गेला नाही.

गुलमंडीवरील शाखा : स्थानिक मुळे

शिवसेनेची १९६६ मधील स्थापना मुंबईतील मराठी माणसाच्या नोकरीच्या प्रश्नावर झाली होती. औरंगाबादेत हा प्रश्न त्या स्वरूपात अस्तित्वातच नव्हता. येथे पक्ष वाढला तो वेगळ्या जमिनीवर. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला आणि त्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात मराठवाड्यातील दलित वस्त्यांनी फार सोसले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत हा प्रश्न धुमसत राहिला. शिवसेनेने नामांतराला विरोध केला आणि त्या विरोधाचा लाभ तिला मिळाला, हे नाकारता येत नाही. शहरातील हिंदू-मुस्लिम तणाव, काँग्रेसच्या ग्रामीण सत्ताघराण्यांविषयीची नाराजी आणि लहान व्यापारी व इतर मागासवर्गीय तरुणांना राजकारणात मिळालेली पहिली वाट ही अन्य कारणे होत. गुलमंडीवरील फलक ज्यांना आधार वाटला आणि ज्यांना धाक वाटला, ते दोघेही याच शहरातले नागरिक होते. शाखेच्या इतिहासाचे एकतर्फी गौरवीकरण म्हणूनच टाळले पाहिजे.

महानगरपालिकेच्या १९८८ मधील पहिल्या निवडणुकीत ६० पैकी २७ जागा शिवसेनेने जिंकल्या. महापौरपद काँग्रेसचे डॉ. शांताराम काळे यांच्याकडे गेले. पण निकालानंतर ८ मे १९८८ रोजी बाळासाहेब ठाकरे यांनी सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावरून शहराचा उल्लेख 'संभाजीनगर' असा केला आणि पुढील साडेतीन दशकांचा कार्यक्रम ठरून गेला. गुलमंडीतून नगरसेवक झालेले चंद्रकांत खैरे १९९० मध्ये आमदार झाले आणि १९९९ पासून सलग चार वेळा खासदार म्हणून निवडून आले. १९८९ मध्ये मोरेश्वर सावे शिवसेनेच्या पाठबळावर लोकसभेत गेले, तेव्हा त्यांचे चिन्ह मशाल होते. २०२२ मध्ये ठाकरे गटाच्या वाट्याला तेच चिन्ह यावे, हा योगायोग जुन्या कार्यकर्त्यांच्या चटकन लक्षात आला.

संघटनेची बांधणी गटप्रमुख, शाखाप्रमुख, विभागप्रमुख, शहरप्रमुख आणि जिल्हाप्रमुख अशी होती. या उतरंडीवर मुंबईहून नेमलेला संपर्कप्रमुख देखरेख ठेवी. नेमणुका वरून होत. शाखाप्रमुखाला खालच्यांनी निवडल्याचे उदाहरण शोधावे लागेल. पण रोजचे काम, म्हणजे रुग्णालयातील खाट, पोलीस ठाण्यातील तक्रार, नळाचे पाणी, गणेशोत्सवाचा मंडप, हे सगळे स्थानिक माणसाच्या ओळखीवर चाले. निष्ठा मातोश्रीवर आणि भिस्त स्थानिक नेत्यावर, अशी ही दुहेरी रचना होती. बाळासाहेब हयात असेपर्यंत तिच्यातील ताण उघड झाला नाही.

पहिला पर्याय : व्यक्तीचा

महाबळेश्वरच्या शिबिरात उद्धव यांच्या नावाचा प्रस्ताव खुद्द राज ठाकरे यांनी मांडला आणि तो जयघोषात संमत झाला. राज यांचे नाव हा समकालीनांच्या विचारातील पर्याय होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ते २००५ च्या अखेरीस पक्षाबाहेर पडले आणि ९ मार्च २००६ रोजी त्यांनी महाराष्ट्र नवनिर्माण सेना स्थापन केली. २००३ मध्ये त्यांच्या हाती सूत्रे गेली असती, तर निदान ही फूट या स्वरूपात झाली नसती. मुंबईत त्याचा परिणाम निश्चित जाणवला असता. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत तेथील सहाही जागा काँग्रेस आघाडीने जिंकल्या, त्यात मतविभागणीचा वाटा मोठा होता.

पण हाच तर्क मराठवाड्याला लावता येतो का? २००९ च्या विधानसभा निवडणुकीत मनसेच्या तेरा जागांपैकी सहा मुंबईत, तीन नाशिक शहरात, दोन कल्याण परिसरात आणि एक खडकवासल्याला आली. मराठवाड्यातील एकमेव जागा कन्नडची होती. तेथून निवडून आलेले हर्षवर्धन जाधव हे माजी आमदार रायभान जाधव यांचे पुत्र. घराण्याचा स्थानिक जम त्यांच्या पाठीशी होता आणि २०१४ मध्ये तीच जागा त्यांनी शिवसेनेच्या चिन्हावर जिंकली. त्याच २००९ साली लोकसभेसाठी खैरे यांना काँग्रेसखेरीज आव्हान मिळाले ते अपक्ष उभे राहिलेल्या शांतिगिरी महाराजांचे. त्यांनी लाखाहून अधिक मते घेतली. औरंगाबाद मध्य मतदारसंघात तर उमेदवारी नाकारलेले प्रदीप जैस्वाल अपक्ष म्हणून निवडून आले आणि पुन्हा शिवसेनेत परतले. ठाकरे घराण्यातील भाऊबंदकीने मुंबई-नाशिक ढवळून निघत असताना गुलमंडीच्या परिसरातील हिशेब अशा रीतीने वेगळ्याच आकड्यांवर चालला होता.

शहराच्या नावाचा प्रश्न याहून बोलका आहे. २९ जून २०२२ रोजी ठाकरे सरकारने आपल्या शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत 'संभाजीनगर' या नावाला मंजुरी दिली. १६ जुलै रोजी शिंदे सरकारने 'छत्रपती' हा शब्द जोडून तोच निर्णय पुन्हा घेतला. एकमेकांचे अस्तित्व नाकारणारे दोन वारसदार तीन आठवड्यांच्या आत एकाच कागदावर सही करतात, तेव्हा त्या कागदाचा मजकूर वारसदारांनी ठरविलेला नसतो. तो १९८८ मध्ये येथील मैदानावर ठरला होता. राज ठाकरे त्या खुर्चीत असते, तरी त्यांनाही याच कागदावर सही करावी लागली असती. त्यांच्या स्वतंत्र पक्षानेही हीच मागणी लावून धरली होती, हे येथे लक्षात घ्यावे.

दुसरा पर्याय : पद्धतीचा

आता दुसऱ्या पर्यायाकडे वळता येईल. महाबळेश्वरचा निर्णय जयघोषाऐवजी प्रतिनिधींच्या नोंदलेल्या मतदानाने झाला असता तर? ही कल्पना हवेतली नाही. राजकीय पक्षांनी अंतर्गत निवडणुका घ्याव्यात असा आग्रह निवडणूक आयोगाने १९९० च्या दशकात धरला होता आणि त्याच पार्श्वभूमीवर शिवसेनेची १९९९ ची घटना तयार झाली. राष्ट्रीय कार्यकारिणी आणि प्रतिनिधी सभा या संस्था तिच्यात होत्या. कागदावर वाट होती. तिच्यावरून कोणी चालले नाही.

यावर घेतला जाणारा आक्षेप सबळ आहे. बाळासाहेब हयात असताना मतदान झाले असते, तरी त्यांच्या इच्छेविरुद्ध किती मते पडली असती? १९९२ मध्ये माधव देशपांडे या जुन्या शिवसैनिकाने घराण्यातील हस्तक्षेपावर जाहीर आरोप केले, तेव्हा बाळासाहेबांनी 'सामना'तून सहकुटुंब शिवसेना सोडत असल्याचे लिहिले आणि शिवसैनिकांनी रस्त्यावर उतरून त्यांना परत आणले. त्या संघटनेची मतदानाची तऱ्हा ही अशी होती. २००३ मध्ये मतपेटी ठेवली असती तरी तिच्यातून बहुधा उद्धव यांचेच नाव निघाले असते, हे मान्यच करावे लागेल.

परंतु मतपेटीमागे एक यादी असते. मतदार कोण, शाखाप्रमुखांपैकी किती, मराठवाड्याचे प्रतिनिधी किती, ही यादी तयार करावी लागते, वेळोवेळी नवी करावी लागते आणि आयोगाकडे द्यावी लागते. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेबांचे निधन झाल्यावर जानेवारी २०१३ मध्ये उद्धव 'पक्षप्रमुख' झाले. पुढे २०१८ मध्ये घटनेत बदल झाल्याचे ठाकरे गटाने सांगितले. पण ती घटना आयोगाच्या नोंदीवर नव्हती. १७ फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात आयोगाने पक्षाची घटना लोकशाही निकषांवर उतरत नाही असे नमूद करून तिचा आधार बाजूला ठेवला. संघटनेतील बहुमताची कसोटीही निर्णायक ठरू शकली नाही. उरली ती विधिमंडळातील बहुमताची कसोटी. तिच्यात ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार शिंदे यांच्या बाजूला होते. १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनीही १९९९ चीच घटना ग्राह्य धरली आणि विधिमंडळातील बहुमताला निर्णायक मानले. या निर्णयांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली.

या सर्व प्रक्रियेत गुलमंडीवरील कार्यकर्ता कोठे होता? २०२२ च्या उत्तरार्धात पक्षाच्या कार्यकर्त्यांकडून लाखो प्रतिज्ञापत्रे लिहून घेण्यात आली. आपला नेता कोण, हे त्याला अशा रीतीने स्वतःच्या नावाने, सहीनिशी लिहून द्यायला सांगण्याची ही बहुधा पहिलीच वेळ होती. निर्णय मात्र त्या गठ्ठ्यांवर झाला नाही, आमदारांच्या मोजणीवर झाला. ज्या संघटनेने सदतीस वर्षांत शाखेला मत विचारले नव्हते, तिला ऐन कसोटीच्या वेळी शाखेचे मत सिद्ध करता आले नाही. नोंदलेल्या मतदानाच्या पर्यायात निकाल ठाकरे यांच्या बाजूने लागला असता की शिंदे यांच्या, हे सांगता येणार नाही. पण तो विधान भवनातल्या डोक्यांवरून लागला नसता, एवढे म्हणता येते.

मध्य मतदारसंघातील हिशेब

व्यक्तीच्या पर्यायावर जनमानसाचा विश्वास अधिक का, याचे एक कारण घराणेशाहीच्या सवयीत आहे. ही सवय एकट्या मातोश्रीची नाही. मोरेश्वर सावे यांचे पुत्र अतुल सावे भाजपकडून आमदार आणि मंत्री झाले. संदिपान भुमरे २०२४ मध्ये खासदार होताच पैठणची विधानसभेची जागा त्यांचे पुत्र विलास यांच्याकडे आली. वारसाहक्काला नावे ठेवणाऱ्या कार्यकर्त्यालाही आपल्या तालुक्यातील वारस खटकत नाही.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत भुमरे यांनी एमआयएमचे इम्तियाज जलील यांचा सुमारे १ लाख ३४ हजार मतांनी पराभव केला आणि खैरे तिसऱ्या क्रमांकावर गेले. पाच वर्षांपूर्वी हेच खैरे जलील यांच्याकडून अवघ्या ४,४९२ मतांनी हरले होते. विधानसभेत जिल्ह्यातील नऊपैकी सहा जागा शिंदे यांच्या शिवसेनेला मिळाल्या. २०१९ मध्ये अखंड शिवसेनेच्याही सहाच जागा होत्या. वर नेतृत्व बदलले, पण खाली आकडा हलला नाही.

त्याच निवडणुकीत औरंगाबाद मध्यमध्ये ठाकरे गटाचे जाहीर उमेदवार किशनचंद तनवाणी यांनी ऐनवेळी माघार घेतली. २०१४ ची पुनरावृत्ती नको, असे कारण त्यांनी दिले. त्या वर्षी युती तुटल्याने शिवसेनेकडून जैस्वाल आणि भाजपकडून पूर्वाश्रमीचे शिवसैनिक असलेले तनवाणी समोरासमोर उभे होते. दोघांना मिळून ऐंशी हजारांहून अधिक मते पडली आणि सुमारे बासष्ट हजार मतांवर जलील निवडून आले. दोघांपैकी एक उभा नसता तर काय झाले असते, हा हिशेब गुलमंडीने दहा वर्षे मनात ठेवला होता. २०२४ मध्ये ठाकरे गटाने तनवाणी यांच्या जागी दुसरा उमेदवार दिला. शिंदे यांच्या शिवसेनेचे जैस्वाल एमआयएमच्या उमेदवारावर सुमारे आठ हजार मतांनी विजयी झाले.